कूलरसमोरचा आयना

माझ्या शेजारच्या दुकानदाराच्या शोकसभेत एक जण उभा राहून म्हणाला, दिवंगत अतिशय शांत आणि प्रेमळ स्वभावाचे होते. मी मागच्या खुर्चीवर होतो. बस खाली, असं तिथंच म्हणणार होतो, पण माझा मुलगा बाजूला होता. म्हणून इथं लिहून टाकतो. तो शांत नव्हता. प्रेमळ तर अजिबात नव्हता. गिऱ्हाइकाला शिव्या द्यायचा, आमच्या घरचा चहा पिऊन चहा पाणचट आहे असं तोंडावर सांगायचा. मेल्यावर लोकं माणसाला धुऊन पुसून दुसराच करून टाकतात. माझ्या बायकोचंही तेच केलं. तिला सोशिक म्हणाले. तिनं आयुष्यात एक गोष्ट गपचूप सोसली असेल तर मला दाखवा.

नागपूरच्या लकडगंजात, लाकूड चिरायच्या आरामशीनच्या गल्लीत माझं सुतारकामाचं दुकान होतं. त्याचं माझ्या भिंतीला लागून. मी कपाटं आणि पलंग करायचो, तो जुने आरसे साफ करायचा. आमच्याकडे आरशाला आयना म्हणतात, मीही तेच लिहितो. नवा आयना तो विकत नव्हता. कोणी मागितलाच तर म्हणायचा, "पुढच्या चौकात जा. तिथं नवा आयना मिळते. नवं थोबाडही मिळत असन तर पाह्य."

आयन्याचं दुकान, पण आत गेलं तर एकातही तोंड दिसायचं नाही. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे केलेले. मी एकदा विचारलं, असं काहून? म्हणाला, "लोकं येते, भांग पाडते, मिशी पाहते. माहा टाइम जाते. ज्याले तोंड पाहाचं त्यानं घरी पाहावं."

आयना घेऊन माणूस आला की त्याचा पहिला सवाल ठरलेला. "डाग समोरचा का मागचा?" माणसाला कुठं माहीत असते? मग तो वैतागायचा. समोरचा डाग म्हणजे काचेवरचा. बोअरिंगच्या पाण्याचं मीठ, डोक्याचं तेल, रंगाचे थेंब, टिकलीचा डिंक. तो निघतो. मिठाला लिंबू, तेलाला स्पिरिट, रंगाला आडवं धरलेलं पातं. मागचा डाग म्हणजे पारा गेला. पारा म्हणतो आपण, असते ती चांदी. तिला ओल लागली की ती काळी पडते, आणि मग समोरून कितीही घासा, आयना धुरकटच राहतो. मग पूर्ण पाठ खरवडायची, तेजाबानं जुनी चांदी उतरवायची, बॅटरीत टाकतात त्या पाण्यानं काच धुवायची आणि तिच्यावर चांदीचं पाणी नव्यानं ओतायचं. हे काम तो दार लावून करायचा. मला मात्र बसू द्यायचा, कारण मी बोलत नसे.

काच साफ झाली की नाही हे तो तोंडाच्या वाफेनं पाहायचा. हाऽ करून फुंकायचा. वाफ सगळीकडून सारखी उडाली तर काम झालं. कुठं रेंगाळली तर तिथं चिकट आहे. गिऱ्हाईकही वाकून फुंकायला जायचं, तर त्याला म्हणायचा, "मागं सरक. तुह्या वाफेत तर्री हाय."

सगळ्यात जास्त राग त्याला पाण्याचा. आयन्यावर कोणी थेट पाणी उडवलं की त्याच्या अंगावर उडवल्यासारखं करायचा. पाणी ओघळून चौकटीत शिरते आणि मागून चांदी खाते. "पाणी फडक्याले लावा, आयन्याले नाही." एकदा सलूनमध्ये अर्धी दाढी झाली होती. न्हाव्यानं सवयीनं फवाऱ्याची बाटली आयन्यावर मारली. हा फेसासकट उठला, बाटली हिसकावली, फडकं घेतलं आणि तो आयना पुसायला बसला. न्हावी म्हणाला, "काका, तुमची दाढी करू का आयन्याची?" शब्दाला शब्द वाढला. न्हाव्यानं उरलेली दाढी केली नाही. तसाच अर्ध्या तोंडाला फेस लावून गल्लीतून आला आणि माझ्या दुकानात टॉवेल मागितला. मी हसलो तर माझ्याशीही कितीतरी दिवस बोलला नाही. त्यानंतर तो घरीच दाढी करू लागला, आयन्याशिवाय, हातानं चाचपून. हनुवटीखाली एक झुपका कायम राहायचा. सगळ्या गल्लीला दिसायचा. सांगायची हिंमत कोणात नव्हती.

उन्हाळ्यात तो चांदीचं काम करत नसे. नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायची गरज नाही. त्या गरमीत चांदी खवळते म्हणायचा. हळूहळू बसायच्या ऐवजी भसकन बसते, आणि करपल्यासारखी तपकिरी पडते. म्हणून एप्रिल चढला की शटर अर्धं खाली, मिरगाचा पाऊस लागेपर्यंत. एकदा एक मोठा व्यापारी गाडीतून आला. घरी लग्न होतं, दिवाणखान्यातला आजोबाच्या वेळचा आयना डागाळला होता. ह्यानं ओल्या टॉवेलाखालूनच विचारलं, "लग्न कवा हाय?"

"वीस-बावीस दिवसांनी."

"पुढं ढकला. मिरग लागू द्या."

व्यापाऱ्याला वाटलं गंमत करतो. तो हसला. हा हसला नाही. व्यापारी गेला.

आता माझ्या घराचं सांगतो. मुलानं हुडकेश्वरला घर बांधलं, आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. माझ्या लग्नातलं सागाचं कपाट, माझ्याच हातचं, दारात लांब आयना बसवलेलं, ते सोबत नेलं. आम्हाला दिलेल्या खोलीत ते एकाच भिंतीला मावलं. समोर खिडकी आणि खिडकीत कूलर. बोअरिंगचं पाणी खारं. कूलर हवेबरोबर बारीक फवारा फेकतो, तो थेट आयन्यावर. प्रत्येक उन्हाळ्यात त्यावर पांढरा थर चढायचा आणि ओल मागं शिरायची.

तो सुटीच्या दिवशी यायचा. आल्यावर माणसाकडे पाहायच्या आधी आयन्याकडे पाहायचा.

"वहिनी, कूलरसमोर आयना? मीठ चारून राहिल्या त्याले तुम्ही."

"मंग कूलरसमोर कोणाले बसवू भाऊजी, तुमाले?"

"कपाट हलवा. मी साफ करून देतो."

"कुठं हलवू, तुमच्या डोक्यावर? तुमी साफ करा, कपाट तिथंच राहीन."

"हलवल्याशिवाय मी हात लावत नाही. आज पुसाचं, उद्या पुन्हा तेच."

"नका लावू. आयन्याले गरम होत नाही, मले होते."

हे भांडण कितीतरी उन्हाळे चाललं. दोघांपैकी एकही तसूभर सरकला नाही. मी मधात पडत नसे. मला कूलर पाहिजे होता. आणि आयना होत होत असा झाला की त्यात माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही.

मग ती आजारी पडली. आजाराचं नाव लिहीत नाही, ते तुम्हाला कळलंच असेल. सलाइनमधून औषध द्यायचे, त्यात तिचे केस गेले, भुवया गेल्या. घरातल्यांनी काय केलं? हातातला छोटा आयना सुनेनं उचलून ठेवला. बाथरूममधला आयना रंगकामाच्या नावानं उतरवला, तो परत लागलाच नाही. माझ्या बापानं धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे शकुन-अपशकुन बाहेर फेकले होते. आमच्या घरात मांजर आडवं गेलं तरी कोणी थांबत नाही. त्याच घरात आयने लपवत होते. वाईट मनानं नाही, तिला धक्का बसू नये म्हणून. पण लपवत होते. कपाटाचा आयना तेवढा राहू दिला, कारण त्यात काही दिसतच नव्हतं.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच बोलायचा, "आज बऱ्या दिसून राहिल्या." मुलगा रोज सकाळी म्हणायचा, "आई, आज बरी दिसतेस." तिनं मला विचारलं. मी म्हणालो, "वाळली तू."

"तुमचं काय खरं मानू? लग्नातबी हेच म्हणाले होते."

डॉक्टरनं आणखी सलाइनी सांगितल्या होत्या. मुलानं तारीख घेतली होती. ती मला म्हणाली, "पुन्हा जाचं का नाही, ते मले ठरवाचं हाय. पोरगं म्हणते मी बरी होऊन राहिली. होऊन राहिली असन तर जाईन. पण माह्या डोळ्यानं पाहू द्या."

मी बाजारातून नवा आयना आणून दिला. लपवून नाही, सगळ्यांच्या समोर. तिनं पाहिलं आणि बाजूला ठेवला. "ह्यात मी पहिले कशी दिसत होती, मले काय माहीत? फोनमधी पाहिलं तर नातीचा फोन सगळ्यांले गोरं करते. मले माह्या आयन्यात पाहाचं हाय. त्यात मी लग्नापासून पाहते. त्यात मले फरक समजते."

मी बसनं लकडगंजात गेलो. मे महिना. तो अर्ध्या शटरामागं ओला टॉवेल तोंडावर घेऊन पडला होता. मी सांगितलं. टॉवेलाखालून म्हणाला, "मिरग लागू दे, मिस्तरी." मी तिथंच बसून राहिलो. काही बोललो नाही, मला बोलता येत नाही. थोड्या वेळानं त्यानं टॉवेल काढला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चप्पल शोधायला लागला.

घरी आला तेव्हा ती पलंगावर टेकून बसली होती, डोक्याला रुमाल. त्या दिवशी तो कूलरबद्दल बोलला नाही. आम्ही दोघांनी आयना कपाटातून काढला. लिंबू आणि फडकं घेऊन तो लागला घासायला. मिठाचा थर निघाला, आणि खालून बरोबर मधात, तोंड येते तिथं, परातीएवढा काळा डाग निघाला. मागचा.

"वहिनी, मागून गेला. मिरगात करून देतो, एक नंबर."

"भाऊजी, मिरगाचं मले नका सांगू."

तो फडकं पिळत राहिला. त्यात पाणी नव्हतं. मग निघून गेला. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सायकल रिक्षात बाटल्या, पत्रा आणि बर्फाच्या लाद्या घेऊन दारात हजर. मुलगा आडवा आला. माझा मुलगा चांगला आहे, आईसाठी रात्रंदिवस धावला. तो म्हणाला, "काका, हे नका करू. डॉक्टर म्हणाले तिची हिंमत टिकली पाहिजे. तिनं आपल्या आयन्यात स्वतःला असं पाहिलं तर ती खचून जाईन."

"डोळे बांधून हिंमत येते काय गा?"

"तुम्ही घरचे नाही. तुम्हाले काय समजते?"

"घरचा नाही, म्हणूनच करून राहिलो. घरच्याले जमलं असतं तर मी काहून आलो असतो?"

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घर तुझं हाय. कपाट माझं हाय. आयना तिचा हाय. बाजूला हो." आयुष्यात मी त्याच्याशी असा कधी बोललो नव्हतो. तो बाजूला झाला.

मागच्या पडवीत बर्फावर पत्रा, पत्र्यावर काच पालथी. त्यानं पाठ खरवडली, काळं उतरवलं, धुतलं, पुन्हा धुतलं. ऊन वर यायच्या आत उरकायचं होतं. चांदीचं पाणी ओतलं तेव्हा तो श्वास रोखून होता. आधी राखाडी, मग मातकट, मग एकदम उजळायला लागलं. पण बर्फ एका बाजूनं लवकर वितळला, आणि त्या बाजूचा कोपरा पाहता पाहता तपकिरी झाला. चहा सांडल्यासारखा. त्यानं चांदीला, बर्फाला, सूर्याला आणि मला अशी शिवी दिली की शेजारची बाई गच्चीवरून आत गेली.

आतून तिचा आवाज. "झालं काय भाऊजी?"

"नाही झालं. बिघडलं. पुन्हा उतरवतो."

"तोंड दिसते का?"

"दिसते. पण कोपरा—"

"मंग आणा इकडे."

"असं काम मी कोणाले दिलं नाही वहिनी. देणार नाही."

"भाऊजी, तुमचं नाक मोठं का माहं तोंड?"

तो उभा राहिला. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होतो, त्याला हरताना पाहिलं नव्हतं. पाठ सुकू दिली आणि काच आत आणली. आम्ही दोघांनी ती पलंगासमोर उभी धरली.

तिनं रुमाल स्वतः काढला. सून दारात होती, मुलगा तिच्या मागं. ती पाहत राहिली. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. हात डोक्यावरून फिरवला. खालची पापणी ओढून आतलं पाहिलं. तोंड उघडून हिरड्या पाहिल्या. बाजारात भाजी पाहावी तसं, एकेक जागा.

"भाऊजी, अर्धी राहिली ना मी?"

"अर्ध्याहून कमी," तो म्हणाला.

सून रडायला लागली. ही म्हणाली, "रडू नको वं. एवढ्या दिवसांत एक तरी माणूस सरळ बोलला." मग मुलाला म्हणाली, "ये इकडे." तो आला. "माह्या बाजूनं बस. आता समोर पाह्य, आणि रोज म्हणते ते म्हण."

तो तिच्या बाजूला बसला. आयन्यात दोघांची तोंडं एकत्र आली. तिचं आणि त्याचं. तो पाहत राहिला.

"म्हण ना बापू."

त्यानं तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "झालं. आता दवाखाना नाही. आता मी इथंच राहीन."

ती दवाखान्यात गेली नाही. तारीख आली आणि निघून गेली. मुलगा भांडला, रडला, डॉक्टरला फोनवर बोलायला लावलं. ती म्हणाली, पाहिलं मी. बस. आयना परत कपाटात बसवला आणि ती रोज त्यात पाहायची, उठता येत होतं तोवर. मागवून मागवून खाल्लं, दोन घास का होईना. बहिणीशी जुनं भांडण होतं, तिला बोलावून घेतलं. भांडण मिटवायला नाही, आपली बाजू पूर्ण सांगायला. सांगितली. बहीणही तिच्यासारखीच, तिनंही आपली सांगितली. दोघी संध्याकाळपर्यंत भांडल्या आणि एका ताटात जेवल्या. सोशिक म्हणे.

मिरग लागायच्या आत ती गेली.

मुलगा त्याला घरात येऊ देईना. मला म्हणाला, "त्या माणसानं आईची हिंमत तोडली, बाबा." पाऊस धरला, हवा गार झाली, आणि एक दिवस तो आला. कोणी बोलावलं नव्हतं. बगलेत बोचकं, हातात बाटल्यांची पेटी.

मुलगा दारातच म्हणाला, "आता कायले आले?"

"कोपरा राहिला हाय."

"तुमच्यामुळे आईनं दवाखाना सोडला."

मला वाटलं, आता तरी हा म्हणेल की माझं चुकलं, किंवा तसं नाही बेटा. तो तसा नव्हता.

"हो," तो म्हणाला. "माह्यामुळे."

"तुम्हाले काहीच वाटत नाही?"

"कोपऱ्याचं वाटते."

मुलानं त्याच्या पेटीला हात घातला. फेकणार होता बाहेर. मी मधात गेलो. मी म्हणालो, "चूप बसा, दोघंही. तू म्हणते ह्याच्यामुळे झालं, हा म्हणते माह्यामुळे झालं. तिचं नाव कोणी घेईन का नाही? तिनं पाहिलं. तिनं ठरवलं. ती काय लेकरू होती? मरताना एक गोष्ट तिनं आपल्या हातानं केली, तुम्ही दोघं तेवढीही तिच्या हातात राहू देत नाही. खबरदार, तिचं श्रेय कोणी घेतलं तर."

एवढं एका दमात मी कधी बोललो नव्हतो. धाप लागली. पेटी मुलाच्या हातात तशीच होती. मग त्यानं ती खाली ठेवली.

ह्यानं ती उचलली आणि आत आला. कपाटाचं दार उघडलं, काच धरणाऱ्या खिळपट्ट्या काढल्या. काच जड होती. माझे हात आता थरथरतात, ते त्यानं पाहिलं, मला धरायला म्हणाला नाही. एकट्यानंच उचलायला गेला, जमेना. मुलगा उभा होता. कोणाकडे न पाहता पुढं झाला आणि त्यानं दुसरं टोक धरलं.

"बोटं काचेवर ठेवू नको बे," तो खेकसला. "कडेले धर."

मुलानं बोटं सरकवली आणि कडेला धरलं.